अकरा जोड, आठ पायपट्ट्या

दारात अकरा जोड होते. वरून चढवायच्या रबरी कालिशचे दोन, एक साधा काळा आणि एक आतून लाल अस्तराचा. पाहुण्यांच्या सपाता चार, त्यांतल्या तीन निळ्या प्लास्टिकच्या आणि एक लोकरीची. न्हाणीघरात जायची रबरी सपात एक. मुलाचे बूट एक. सुनेचे टाचेचे बूट एक. या घरच्या मस्तुरा-खालांचे हिवाळी बूट एक. आणि त्यांची बाजारात जायची चप्पल एक. मी उकिडवी बसून प्रत्येक जोड उलटा करून पाहिला, आतून कापसाचा बोळा फिरवला, तो नळीत घातला, नळीवर आकडा लिहिला. एक ते अकरा. बारा मार्च, सकाळचे साडेदहा.

"अगं पोरी, दारात बसू नकोस, आत ये," मस्तुरा-खाला आतून म्हणाल्या. "चपलांशी बोलून झालं असेल तर जरा माणसांशी बोल."

नळ्या डबीत ठेवून मी आत गेले. खाला एका हातात चहाची किटली आणि काखेत रुमालात गुंडाळलेला नान घेऊन जाजमावरून आल्या. पायांत काळी महसी होती, मऊ चामड्याची, घोट्याच्या वर येणारी, त्यामुळे चालण्याचा आवाज नव्हता. मी वहीत लिहिलं: एकूण जोड अकरा. आणि खाली रेघ मारली.

"रेघ कसली मारलीस?"

"मोजणी संपली म्हणून."

"बरं झालं. आता चहा घे. नाहीतर घोटही मोजशील."

मी मर्गिलानमध्ये, बाजारामागच्या एका त्वचेच्या दवाखान्यात काम करते. जीवशास्त्राची पदवी घेतल्याला दोन वर्षं झाली. रुग्णाच्या नखाची खरवड काढायची, ती सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, मग बशीत वाढवून बुरशी कोणती ते ठरवायचं, हे माझं काम. लेसर चालवतात त्या डॉक्टर मुयस्सर-ओपा. नखं स्वच्छ होऊन गेलेले काही रुग्ण सहा-आठ महिन्यांनी तीच नखं घेऊन परत येत. का येतात याबद्दल माझा एक अंदाज होता: लेसर नखाला मिळतो, बुरशी चपलेत राहते. म्हणून मी रुग्णांच्या घरी जाऊन जोड तपासायची परवानगी मागितली.

"जा," मुयस्सर-ओपा म्हणाल्या. "पण तुझ्या वयाची मुलगी दारात उभी राहिली की लोक विचारतील, बाई, तू कुणाचं स्थळ घेऊन आलीस? तेव्हा काय सांगशील? चपला बघायला आले?"

मी तेच सांगितलं होतं. खालांची सून नझोकत अजून हसत होती.

मस्तुरा-खाला अठ्ठावन्न वर्षांच्या, रेशीम विणणाऱ्या. दोन्ही अंगठ्यांची नखं गेलेली, पण उजवं जास्त. ते नख चौदा मिलिमीटर लांब होतं आणि मुळाजवळचं दीड मिलिमीटर तेवढं स्वच्छ. पुढचं सगळं पिवळं, जाड आणि कडेला खडूसारखं भुसभुशीत. गोळ्या देता येत नव्हत्या. लहानपणी त्यांना कावीळ झाली होती आणि रक्त तपासलं की यकृताचे आकडे आजही वरच येत. राहिला लेसर. तो काहींना गुण देतो, काहींना नाही, हे मुयस्सर-ओपांनी त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं.

"दुखतं कधी?" चहा घेताना मी विचारलं.

"दाबलं की."

"चालताना?"

"चालताना अंगठ्याने कोण दाबतं? मागावर."

मग त्यांनी मागाचं सांगितलं. त्यांच्या कारखान्यात सात माग. सहा अद्रसचे, म्हणजे रेशीम-सुताच्या कापडाचे, त्यांना दोन-दोन पायपट्ट्या. सातवा अतलसचा, झळाळत्या निखळ रेशमाचा, त्याला आठ. आठही पट्ट्या खाली अंधारात, एकमेकींपासून बोटभर अंतरावर. डोळ्यांनी त्या दिसत नाहीत, अंगठ्याने चाचपून ओळखायच्या. त्या मागावर खालांनी एकोणीस वर्षं काढली होती. मग नख जाड झालं, दाबताना कळ यायला लागली, कळ चुकवायला पाऊल तिरकं पडायला लागलं, आणि अतलसमध्ये एक पाऊल चुकलं की झळाळीवर आडवी रेघ उमटते, ती कापड फाटेपर्यंत तशीच राहते. सहा वर्षांपूर्वी त्या स्वतःहून उठून अद्रसच्या मागावर गेल्या. दोन पट्ट्या टाचेनेही दाबता येतात.

"आता तोजीखान बसते तिथे," त्या म्हणाल्या. "ती ऑक्टोबरात लेकीकडे चाललीय नमंगानला. कारखान्याचे उस्ता म्हणाले, मस्तुरा, माग रिकामा होईल तेव्हा एक वीत विणून दाखव. तीनपर्यंत चुका झाल्या तर चालतील. चौथी झाली की इनोबत बसेल."

"इनोबत कोण?"

"एक पोर आहे. चांगली विणते." त्यांनी नान मोडून माझ्यापुढे ठेवला. "म्हणून तर वाईट वाटतं. वाईट विणत असती तर मला काळजी नव्हती."

मी वही पुन्हा उघडली. "मागावर पायात काय घालता?"

"मागावर? काही नाही. चपला घालून मागावर कोण बसतं?"

मी लिहिलं: मागावर अनवाणी.

तीन आठवड्यांनी बशांमध्ये काय उगवलं ते पाहिलं. अकरांपैकी दोन नळ्यांत तीच बुरशी होती जी खालांच्या नखात होती: न्हाणीघराची सपात आणि हिवाळी बूट. ते दोन्ही फेकले. पाहुण्यांच्या सपाता नझोकतने आपणहून फेकल्या आणि लगेच चिंतेत पडली. "आता पाहुणे आले तर काय, प्रत्येकाला सांगू का, आमच्याकडे मोजणी चालू आहे, असेच या?" शेवटी तिने सुती दोऱ्याच्या सहा सपाता विणल्या, उकळता येतील अशा. उरलेल्या जोडांत औषध फवारलं.

लेसर मात्र बारा मार्चच्या दुपारीच सुरू झाला होता. त्या पहिल्या दिवशी मुयस्सर-ओपांनी आधी कानशीने नख घासून पातळ केलं. मग मी एक गोष्ट केली, जी नंतर फार उपयोगी पडली. स्वच्छ नख संपून पिवळं सुरू होतं, बरोबर त्या सीमेवर कानशीच्या कडेने एक बारीक आडवी खाच पाडली. नख वाढतं तशी खाच पुढे सरकते. बुरशी मेली असेल तर पिवळ्याची सीमाही खाचेबरोबर पुढे जाते. बुरशी जिवंत असेल तर सीमा खाचेच्या मागे राहते. दोघींमधलं अंतर मोजलं की नखाच्या आत काय चाललंय ते कळतं.

"माझ्या अंगठ्यावर पट्टी आखली हिने," खाला म्हणाल्या.

"आमच्याकडे हीच मोजपट्टी आहे," मुयस्सर-ओपा म्हणाल्या. "चष्मा लावा, खाला."

गडद चष्मा लावून खालांनी भिंतीवरच्या आरशात पाहिलं. "अगं बाई! टीव्हीवरच्या गायिका दिसतात तशी झाले. नझोकत, फोटो काढ. नको, काढू नकोस, पाय येतील त्यात."

लेसरचं टोक नखावर छोट्या गोलांत फिरायला लागलं. मी दुसऱ्या बाजूने तापमान वाचत होते. एक्केचाळीस. चव्वेचाळीस. सेहेचाळीस.

"काही होतंय?"

"तंदूरला नान लावताना हात जरा जास्त वेळ आत राहतो ना, तसं."

"सत्तेचाळीस," मी म्हटलं.

"आकडे सांगू नकोस गं! आकडा ऐकला की जास्त भाजतं."

महिन्याला एक, असे चार वेळा लेसर. बारा एप्रिलला खाच मुळापासून दोन पूर्णांक सहावर होती आणि सीमाही तिथेच. मे महिन्यात, दवाखान्याच्या अंगणातली तुती पिकून फरशी जांभळी झाली होती तेव्हा, तीन पूर्णांक आठ. दोन्ही एकाच जागी. जूनमध्ये चार पूर्णांक आठ. खाला दर वेळी बाजारातल्या चपलेत येत, पाय पुसून खुर्चीवर ठेवत आणि माझ्या तोंडाकडे बघत. मी आकडा सांगितला की त्या तो बोटांवर मोजत. दिवस नव्हेत, महिने: जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर.

बारा जुलैला खाच पाच पूर्णांक नऊवर होती. सीमा चार पूर्णांक एकवर.

मी पुन्हा मोजलं. मग डाव्या डोळ्याने मोजलं. खाचेच्या मागे, जिथे जूनमध्ये काचेसारखं स्वच्छ नख होतं तिथे, एक पिवळट जीभ मुळाकडे आली होती.

"किती?" खालांनी विचारलं.

"चार पूर्णांक एक."

"मागच्या वेळी चार पूर्णांक आठ होतं."

"हो."

त्यांनी चपलेत पाय घातले. "म्हणजे मागे चाललंय," त्या म्हणाल्या, आणि नेहमी माझ्या खिशात कोंबायच्या ते वाळवलेले जर्दाळू त्या दिवशी द्यायचे राहून गेले.

मी त्याच आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन सगळे जोड पुन्हा तपासले. या वेळी बोळे त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, एकातही बुरशी नव्हती. मुयस्सर-ओपा म्हणाल्या, कधीकधी लेसर पुरत नाही, असं धरून चाल. मी तसं धरायला तयार होते. पण तीन महिने सीमा खाचेच्या बरोबरीने गेली होती आणि लेसर थांबल्यावर एका महिन्यात मागे फिरली, याचा अर्थ नख पुन्हा पुन्हा कुठल्यातरी ओल्या, उबदार जागेत जात होतं. घरातली जागा नव्हती. राहिला माग. पायपट्ट्यांचं लाकूड तपासायचं म्हणून मी कारखान्यात गेले.

बाहेर चाळीस अंश होतं. आत द्राक्षवेलीच्या मांडवाखाली दारं उघडी टाकून बायका विणत होत्या. उस्ता तुर्गुन-अका कारखान्याचे मुख्य, सत्तरीचे, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. मी कशासाठी आले ते ऐकून त्यांनी कपाळाला आठी घातली. "चाळीस वर्षांत माझ्या मागांना कुणी आजारी म्हटलं नाही."

"मागांना नाही म्हणत, उस्ता. नुसतं लाकूड पुसून बघते."

"बघ. पण धागे हलले तर तुझे कान हलवीन."

खाला तिसऱ्या मागावर होत्या. धोटा डावीकडून उजवीकडे जात होता, मी कडेने खाली वाकले, बोळा पुढे केला आणि थांबले. पट्टीवर काळं चामडं होतं. चामड्यावर घामाचे पांढरे डाग.

"खाला, हे काय?"

"काय?"

"पायांत."

"पायांत काय? काही नाही." मग त्यांनी स्वतःच खाली पाहिलं. "महसी आहे."

"तुम्ही म्हणाला होता, मागावर काही घालत नाही."

"नाहीच घालत! महसी म्हणजे काय चप्पल झाली? महसी घालून आपण गादीवर बसतो. नमाज पढतो. तुझी आजी दारात काढून ठेवते का महसी?"

"नाही."

"मग?"

मी वही काढून बारा मार्चचं पान उघडलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, कालिशचे दोन जोड. कालिश घालतात ते महसीवरूनच. दोन रिकामे कालिश दारात उलटे करून मी आतून पुसले, त्यांच्यात जे जातं ते माझ्यासमोर जाजमावरून चहा घेऊन आलं, आणि मी खाली रेघ मारली. मी याच गावात वाढले. माझ्याही डोक्यात महसी कधी जोडांत मोजली जात नव्हती.

"किती महसी आहेत तुमच्याकडे?"

"दोन. काळी आणि तपकिरी."

मी वहीतल्या अकरावर काट मारली आणि तेरा लिहिलं.

दुपारी अंगणातल्या हौदाजवळ बसून त्यांनी महसी काढली. अस्तर ओलं होतं. पावलाची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती.

"इतक्या उन्हाळ्यात का घालता? सगळ्या अनवाणी बसल्यात."

खालांनी हौदात पाय सोडले, मग काही आठवून लगेच बाहेर काढले. "सहा वर्षं घालतेय. नख असं झालं तेव्हापासून. पोरी हसतील म्हणून नाही गं. हसल्या तर मी त्यांना दोन ऐकवीन. त्या काही बोलणार नाहीत. गुपचूप माझ्यानंतर त्या पट्टीवर पाय ठेवायचं टाळतील, आणि मला ते दिसेल." त्यांनी महसी मांडीवर ठेवली. "आणि अतलस विणायचं तर महसी चालत नाही. आठ पट्ट्यांवर चामड्यातून काही कळत नाही. म्हणजे उघड्या पायाने बसायचं. उघड्या पायाने बसायचं तर नख बरं हवं. आणि तू म्हणतेस, महसीमुळेच ते बरं होत नाही."

"म्हणते असं नाही. आधी तपासते." मी अस्तराचा नखाएवढा तुकडा कापला. "पण तीन आठवडे थांबू नका. आजपासून काढा."

"उकळू?"

"चामडं आकसेल."

"मग नमाजाआधीच्या वजूचं काय? महसी असली की वरून ओला हात फिरवला, झालं."

"पाय धुवा. पण नंतर बोटांच्या मध्ये कोरडं करा, प्रत्येक वेळी."

त्या हसल्या. "बघ, अल्लाने दिवसातून पाच वेळा पाय धुवायला सांगितले. मी सवलत घेत बसले सहा वर्षं." त्यांनी काळी महसी गुंडाळून माझ्या पिशवीत कोंबली. "घेऊन जा. तपकिरी नझोकतच्या हाती पाठवते."

"पट्ट्या रोज स्पिरिटने पुसत जाईन मी," त्या उठताना म्हणाल्या. "तेवढं पुरेल ना? तसं माझ्या मागावर दुसरं कुणी क्वचितच बसतं."

"पुसा. लाकूड कोरडं राहतंय तोवर भीती कमी."

तीन आठवड्यांनी अस्तराच्या बशीत पांढरा कापसासारखा गोल उगवला. बशी उलटी केली. खालून डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. तीच बुरशी. मुयस्सर-ओपांनी बशी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "आता रुग्णांच्या यादीत एक प्रश्न वाढव. पायात काय घालता, असं नको. पायात काही नाही असं म्हणता तेव्हा काय असतं, असं विचार."

जुलैच्या शेवटी आणि ऑगस्टच्या शेवटी दोन वेळा लेसर झाला. चार पूर्णांक एकवर मी नवी खाच पाडली होती. खाला सुती मोजे घालून मागावर बसू लागल्या, रोज दोन जोड, संध्याकाळी उकळून. मोजे गुळगुळीत लाकडावरून घसरत. अद्रसला ते चालून गेलं. बारा ऑगस्टला खाच आणि सीमा दोन्ही पाच पूर्णांक दोनवर होत्या.

सप्टेंबरमध्ये मी मोजायला त्यांच्या घरी गेले, तर अंगणातून टकटक ऐकू येत होतं. खाला लाकडी बाजेवर बसल्या होत्या आणि बाजेखाली द्राक्षांच्या खोक्याच्या आठ फळ्या सुतळीने बांधून टांगल्या होत्या. उघड्या अंगठ्याने त्या एकेक फळी दाबत होत्या, डोळे मिटून.

"आठ दिवस झाले," नझोकत म्हणाली. "सकाळी टकटक, दुपारी टकटक. शेजारीण विचारत होती, सुतार लावलाय का."

"गप गं. माझी चाल चुकते." त्या पुटपुटत होत्या: "एक, चार, सात, दोन, पाच, आठ, तीन, सहा. एक, चार, सात..."

मी ते कागदावर लिहून घेतलं आणि पाहत राहिले. "खाला, प्रत्येक वेळी तीन मिळवायचे! आठच्या पुढे गेलं की आठ वजा करायचे. आठला आणि तीनला एकाशिवाय सामाईक भाजक नाही म्हणून प्रत्येक पट्टी एकदाच येते, पुन्हा पहिलीवर येईपर्यंत."

खालांनी एक डोळा उघडला. "झुल्हुमोर, पोरी, लग्नात नाचताना तू हेच करतेस का?"

नझोकत पोट धरून हसली. मी पायाशी बसून मोजलं. सहा पूर्णांक तीन. दोन्ही एकाच जागी.

"किती?"

मी सांगितलं.

"आणि अजून किती पिवळं?"

"आठच्या जवळपास. पण कापता येईल तेवढं कापू. आणि ते आता फक्त बाहेर पडायची वाट बघतंय."

"ऑक्टोबरला पूर्ण जाणार नाही."

"नाही. पुढच्या वसंतापर्यंत लागेल."

त्यांनी पाय वर घेतला आणि अंगठा दाबून पाहिला, मग जोरात दाबून पाहिला. पातळ केलेल्या नखाखाली कळ येत नव्हती, हे त्यांना महिन्याभरापासून माहीत होतं. अडचण आता दुखण्याची नव्हती. "म्हणजे सगळ्यांसमोर असाच काढावा लागणार," त्या म्हणाल्या.

तोजीखान सोळा ऑक्टोबरला नमंगानला गेली. अठराला उस्तांनी बोलावलं. खालांनी मला निरोप पाठवला होता: वही घेऊन ये, स्पिरिटची बाटलीही आण.

कारखान्यात सगळे माग थांबले होते. इनोबत पहिल्या रांगेत उभी होती, हातात अर्धं खाल्लेलं डाळिंब. वय तेवीस-चोवीस, तिखट डोळे. खाला सातव्या मागापाशी गेल्या, फळीवर बसल्या, मोजे काढले आणि घडी करून शेजारी ठेवले. खालांची मान खाली होती, आणि त्या जिथे बघत होत्या तिथे सगळ्याच बघत होत्या: मुळाशी गुलाबी, पुढे पिवळं, मधली सीमा सरळ नाही, जरा फिसकटलेली, दातेरी.

इनोबत वाकली. नीट बघितलं.

"अय्या, खाला," ती म्हणाली, "तुम्ही अंगठ्यावरपण अब्र काढलंय!"

अब्र म्हणजे आमच्या कापडावरचे ते रंग, जे एकमेकांत ढगासारखे विरघळतात. सूत विणण्याआधी बांधून रंगवलं की कडा अशाच फिसकटतात. मग मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि मांडवाखाली सगळ्या बायका हसायला लागल्या.

"हसा," खाला म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या. "दवाखान्यात काढून मिळतं. सात महिने लागतात. वर भाजतातही."

"दोनरंगीच आहे," इनोबत म्हणाली. "उरलेला रंग कधी चढवणार?"

"उतरवणार आहेत गं, चढवणार नाहीत. या पोरीला विचार. तिच्याकडे आकडा आहे."

"सात पूर्णांक चार," मी म्हटलं. सकाळीच मोजलं होतं.

"काय सात?"

"स्वच्छ. मिलिमीटर. मार्चमध्ये दीड होतं."

इनोबतने डाळिंबाचा एक दाणा तोंडात टाकला आणि परत अंगठ्याकडे पाहिलं, या वेळी कापडाकडे पाहतात तसं, डोळे बारीक करून. "आणि हे चिकटतं का?"

"घाम असलेल्या चामड्यात राहतं. कोरड्या लाकडावर फारसं नाही. तरी पट्ट्या पुसायच्या." मी बाटली दाखवली.

"द्या इकडे." तिने बाटली घेतली, डाळिंब माझ्या हातात दिलं आणि मागाखाली शिरून आठही पट्ट्या स्वतः पुसल्या. बाहेर आली ती केसांत जळमटं घेऊन. "विणा, खाला. पण चार चुका करा हं. मला माग हवाय."

"तुझ्यासाठी तीन करीन," खाला म्हणाल्या.

उस्तांनी ताण्यावर खडूने एक रेघ मारली, तिथून वीत ठेवून दुसरी जागा दोऱ्याने बांधली. "बोलायचं नाही," ते आम्हा सगळ्यांना म्हणाले. "मोजायचंही नाही," हे माझ्याकडे बघून.

खालांनी डोळे मिटले. पहिली पट्टी खाली गेली, धोटा सुटला. चौथी. सातवी. सुरुवातीला प्रत्येक पावलाआधी अंगठा एक क्षण हवेत थांबत होता, लाकडाची कड शोधत. मग थांबणं कमी झालं. ठोक्यांमधलं अंतर सारखं झालं आणि मांडवाखाली त्या एका मागाचाच आवाज राहिला. दोनदा त्या किंचित अडखळल्या. एकदा उजव्या पायावर, एकदा डाव्या. उसवून मागे जायची मुभा नव्हती. त्या पुढे विणत राहिल्या. इनोबत माझ्या शेजारी ओठ हलवत होती. कान दिला तेव्हा कळलं, तीही म्हणत होती: तीन, सहा, एक, चार.

पन्नास मिनिटांनी दोरा आला. खालांनी पाय वर घेतले आणि फडक्याने बोटांच्या मधली जागा पुसली, आधी उजव्या पायाची, मग डाव्या.

उस्तांनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि खडूच्या रेघेपासून सुरुवात केली. कापडावर नाक टेकेल इतके वाकून ते एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जात, मग एक केसभर वर सरकत. एका ठिकाणी थांबले, नखाने खूण केली. बऱ्याच वेळाने आणखी एकदा थांबले. दोऱ्यापर्यंत पोचले, पुन्हा खाली आले आणि सगळं दुसऱ्यांदा तपासलं. मग भिंग सोडून दिलं, खडू घेतला आणि मागाच्या चौकटीवर लिहिलं: वीत एक, चुका दोन.